एकसुरी यंत्र आणि पपईच्या पेट्या

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा रक्तदाब, दोन्ही आटोक्यात आहेत असं धरून चालतो. इतक्या वर्षांनी पत्र कशाला, असं म्हणशील. तर तुला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही. मागे तुझा फोन आला तेव्हा तू नुसती हॅलो हॅलो करत राहिलीस आणि मी इकडे मान डोलावत राहिलो. (ते तुला तिकडे दिसेल असं मला का वाटलं, कोण जाणे.)

गाठ स्वरयंत्रासकट काढली, हे तुला ठाऊकच आहे. आजार गेला असं डॉक्टर म्हणतात आणि तपासण्याही तेच म्हणतात. आता गळ्याला पुढून भोक आहे आणि श्वास तिथून चालतो. शिंकही तिथूनच येते. मी सवयीने रुमाल नाकाला धरतो आणि शिंक सदऱ्यावर जाते. दर आठवड्याला इस्पितळाच्या उपाहारगृहामागच्या खोलीत आमच्यासारख्यांची बैठक असते. बोलायला शिकवणाऱ्या बाई ती घेतात. त्यांनी मला दाढीच्या मशीनएवढं एक यंत्र दिलंय. ते हनुवटीखाली टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की शब्द उमटतात. फक्त सगळ्यांचा आवाज एकच, डब्यात भुंगा कोंडल्यासारखा. परवा निवृत्त वाहतूक पोलीस आणि शिवणकाम करणाऱ्या मावशी पंख्यावरून भांडले. मी पाठमोरा होतो. मला वाटलं, कुणीतरी स्वतःशीच वाद घालतोय आणि हरतोय. पुष्कळ हसलो. (आमच्या हसण्याला आवाज नसतो, नुसते खांदे हलतात.)

एवढं शिकल्यावर मला काय अवदसा आठवली, तर मी फळबाजारात गेलो. जिथे जन्मभर लिलाव पुकारले तिथे एकदा तोंड दाखवावं, इतकाच बेत होता. पण अडत्याने हाताला धरून मला ओट्यावर चढवलं आणि म्हणाला, "आजची पपई तुम्हीच पुकारा." ताई, लिलावात सगळी जादू चढत्या आवाजाची. भाव चढला की पुकारणाऱ्याचा सूर चढतो, सूर चढला की घेणाऱ्याचा हात वर जातो. माझं यंत्र भाव पडो की चढो, एकाच सुरात. मागचा हमाल ट्रक मागे येतोय समजून बाजूला झाला. पुढे जे झालं ते याहून वाईट. पपई खालून काळी पडलेली, सगळ्यांना दिसत होती. तरी एकेकाचे हात वर जायला लागले. ज्यांनी एरवी माझ्याशी पैशापैशासाठी हुज्जत घातली, तेच लोक माझ्या तोंडाकडे न बघता भाव वाढवत होते. बाजारातला सगळ्यात चांगला भाव त्या सडक्या पपईला मिळाला. टाळ्याही झाल्या. मी खाली उतरलो तो थेट घरी आलो आणि यंत्र कपाटात, लोकरी कपड्यांच्या खाली टाकून दिलं.

त्यानंतर बैठक बंद, बोलणं बंद. शिकवणाऱ्या बाई घरी येऊन गेल्या, मी झोपल्याचं सोंग घेतलं. (घोरता येत नसल्यामुळे ते पटण्यासारखं झालं नाही.) शेवटी एक दिवस तुझी भावजय जेवताना घास खाली ठेवून म्हणाली, "काहीतरी बोला. वाटल्यास भांडा. घरात मी एकटीच बडबडते, शेजारच्यांना वाटत असेल हिला वेड लागलं."

मी उठलो, यंत्र काढलं, गळ्याला लावलं आणि म्हणालो, "भाजी खारट झालीय."

"मुळीच नाही," ती म्हणाली. मग आमचं भाजी निवेपर्यंत भांडण झालं. आवाज चढवता येत नसल्यामुळे मी हरलो. ती खुशीत होती. भांडी घासताना मात्र एकदा थांबली आणि म्हणाली, "पूर्वी तुम्ही ओरडलात की ताटल्या थरथरायच्या." मग नळ मोठा सोडला. मी यंत्र खाली ठेवलं. बोलण्यासारखं होतं, पण त्या आवाजात बोलण्यासारखं नव्हतं.

बैठकीला पुन्हा जातो. नवीन माणूस आला की शिंकेचं आधी मीच सांगतो.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या मुलीच्या लग्नात मी पंगतीसाठी ओरडून सगळ्यांना बोलावलं होतं. तो भाग कर्कश म्हणून तुम्ही चित्रफितीतून कापला. कापलेला तुकडा कुणाकडे राहिला असेल तर मला पाठव. घरी सांगू नकोस. मला या आवाजाची सवय झाली असं ती धरून चालली आहे, ते तसंच राहू दे.

ता. क. (भावजयीकडून) वन्सं, ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. तो तुकडा ह्यांना जरूर पाठवा. तुम्ही त्याची एक प्रत मला केव्हाच दिलीय आणि हे बैठकीला गेले की मी ती लावते, एवढं मात्र कळवू नका.