ठिपके पुसट येतात

ता. ९ मार्च

चि. खारूस,

आत्याचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्या बेटावर हवामानाचा फुगा सोडताना वाऱ्याने तूच फुग्याबरोबर उडशील की काय असं वाटतं, हे वाचून तुझे काका हसले. या आठवड्यात ते हसले ते तेवढंच. तेव्हा आधी तुझे आभार, मग माझं रडगाणं.

आपला कॉम्प्युटर बिघडला. म्हणजे चालतोय, पण भलतीकडेच जातो. अंधशाळेने सांगितलं, यापुढे ब्रेलमध्ये छापायची पुस्तकं नव्या पद्धतीच्या फाइलींत येतील, त्यासाठी नवी सिस्टिम घाला. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यांनी ती घालून दिली. आता बटण दाबलं की यंत्र थेट नव्या सिस्टिममध्ये जाऊन उभं राहतं. जुनीचं नाव नाही की गाव नाही. तुला कडेवर घेऊन मी जी पुस्तकं टाइप केली, तीसुद्धा सगळी जुनीतच आहेत गं! दुरुस्तीवाले म्हणतात, जुनं सगळं आत असेल, पण तिकडे जायची वाटच उरलेली नाही. डिस्क पुसून कोरी करू, मग कटकट नाही. मी त्यांना नमस्कार केला आणि यंत्र उचलून रिक्षात घातलं.

त्यातून दुसरं. नवी सिस्टिम आल्यापासून काका म्हणताहेत की ब्रेलचे ठिपके पुसट येतात. पान हातात घेतात, ओळीवरून बोटं फिरवतात, कपाळाला आठ्या घालतात आणि कोपरा दुमडून पान बाजूला ठेवतात. जन्मापासून त्यांना दिसत नाही, पण या घरात छापलेली चूक त्यांच्या बोटांखालून निसटली असं कधी झालेलं नाही. ते म्हणतात, जुन्या सिस्टिममधून छाप, ती ठिपके ठणठणीत उठवायची. आता आणू कुठून जुनी? गणिताचं पुस्तक जूनच्या परीक्षेआधी मुलांच्या हातात पडायला हवं. काका सारखे पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालतात. बसा म्हटलं की म्हणतात, बसलोच आहे. चालता चालता!

सोबत गणिताचं एक पान घातलंय. ठिपके बघ आणि काहीतरी सांग. तुझी टपालाची बोट कधी निघते आणि कधी पोचते याचा हिशेब करून जीव मेटाकुटीला आलाय.

लोभ आहेच, थोडा धीर असेल तर तोही पाठव.

तुझी,
आत्या


ता. २१ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

टपालाची बोट आलीय आणि वादळ येतंय म्हणून लगेच परत निघालीय. खलाशी धक्क्यावर उभा राहून माझ्या नावाने शंख करतोय, तेव्हा कामाचं तेवढंच लिहिते.

डिस्क कोणालाही पुसू देऊ नकोस. तुझी पुस्तकं जागच्या जागी आहेत. असं समज की एका घरात भिंत घालून दोन खोल्या केल्यात. या खोल्यांना पार्टिशन म्हणतात. एकीत जुनी सिस्टिम, दुसरीत नवी. यंत्र सुरू झालं की बूट लोडर नावाचा एक लहानसा प्रोग्राम सगळ्यांत आधी जागा होतो आणि कुठल्या खोलीत जायचं ते ठरवतो. दुरुस्तीवाल्यांनी बसवलेल्याला फक्त नवी खोली ठाऊक आहे. आपण दोन्ही ठाऊक असलेला बसवायचा. मग सुरुवातीलाच पडद्यावर दोन नावं येतील आणि बाण खालीवर करून तू निवडशील.

मी जाताना दिलेला निळा पेन ड्राइव्ह शिवणाच्या डब्यात असेल. तो लावून यंत्र सुरू कर. आधी जुन्या पार्टिशनमधली पुस्तकं दुसरीकडे उतरवून घे. हे केल्याशिवाय पुढे जायचं नाही, तुला माझी शपथ. मग बूट लोडर बसवायचा पर्याय घे. तो दोन प्रश्न विचारेल. कुठे बसवू, याला पूर्ण डिस्क सांग. यादी कुठून वाचू, याला नव्या सिस्टिमचं पार्टिशन सांग. कुठेही ‘फॉरमॅट’ हा शब्द दिसला की हात मागे घे, तव्यावरून घेतेस तसा. आणि काळा पडदा आलाच तर घाबरू नकोस; पुसलं काहीच गेलेलं नसतं, फक्त वाट चुकलेली असते. पेन ड्राइव्ह लावून पुन्हा कर.

पान घाईत उघडून बघितलेलं नाही. काकांना म्हणावं, चालायचंच असेल तर गच्चीत चाला, पॅसेजमधली फरशी झिजेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
खारू


ता. २ एप्रिल

चि. खारूस,

आत्याचे आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटाही. वि. वि.

धपाटा काळ्या पडद्याबद्दल. तो आला! तू सांगितलंस तसं सगळं केलं. पुस्तकं उतरवून घेतली, पूर्ण डिस्क सांगितली, पण दुसऱ्या प्रश्नाला नव्याऐवजी जुन्या पार्टिशनचं नाव दिलं. पेन ड्राइव्ह काढून यंत्र सुरू केलं तर मिट्ट काळोख आणि वर इंग्रजीत एक खेकसल्यासारखी ओळ. मी ओरडले, गेलं! काका भिंतीला हात लावत पाणी घेऊन आले. म्हणाले, कोण गेलं? मी म्हटलं, यंत्र. ते म्हणाले, मग एवढं काय, मला वाटलं माणूस गेलं.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, पुन्हा पहिल्यापासून केलं, आणि खारू, पडद्यावर दोन नावं आली! वर नवी, खाली जुनी. बाण खाली, एंटर, आणि माझी जुनी खोली जशीच्या तशी. मी टाळ्या वाजवल्या. शेजारीण डोकावून गेली.

लगेच जुन्या सिस्टिममधून तेच गणिताचं पान छापलं. गरम गरम पान काकांच्या हातात दिलं. त्यांनी बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, आणि म्हणाले, पुसट आहे.

मला रडावं की भांडावं कळेना. मग म्हणाले, कागद हलका असेल. जाड कागद आणला. मग म्हणाले, प्रिंटरच्या पिना झिजल्या असतील. प्रिंटरवाल्याला बोलावलं, तो म्हणाला, बाई, पिना अगदी टोकदार आहेत, बोट घाला, रक्त येईल. हे ऐकून काका पॅसेजमध्ये गेले आणि झाली येरझार सुरू. मधूनच येतात, टेबलावरची पानं चाचपतात, कोपरा दुमडून पास करतात आणि पुन्हा जातात. पुस्तकाचे गठ्ठे बांधून दाराशी ठेवलेत, दोन-तीन आठवड्यांनी शाळेची गाडी येईल. माझं मात्र कशातच लक्ष लागत नाही. दूध दोनदा उतू गेलं.

यंत्रात अजून काय तपासू? दोन्हीपैकी कुठल्या सिस्टिममध्ये खोट आहे? लवकर लिही.

माया आहेच. सध्या ती चिडलेली आहे, एवढंच.

तुझी,
आत्या


ता. १४ एप्रिल

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

हे पत्र एकटी असताना वाच.

वादळात आम्ही खोलीबाहेर पडू शकत नव्हतो. तेव्हा तू पाठवलेलं पान उघडलं. डोळे मिटले आणि काकांनी शिकवलं तसं वाचलं, डाव्या बोटाने ओळ धरून उजव्याने पुढे सरकत. आत्या, ठिपके पुसट नाहीत. अगदी माझ्या लहानपणीसारखे आहेत, बोटाला टोचणारे.

आणि मधल्या उदाहरणात गुणाकाराच्या जागी भागाकाराचं चिन्ह आहे. टाइप करताना तुझ्याकडून झालं असेल, तुझ्याकडून होतंच, आणि काका ते पकडतात आणि दिवसभर तुला चिडवतात. या पानाचा कोपरा दुमडलेला आहे. त्यांनी हे पास केलंय.

दोन्ही सिस्टिम ठीक आहेत. प्रिंटर ठीक आहे, कागद ठीक आहे. मला वाटतं, काकांच्या बोटांना कळेनासं झालंय, आणि ते त्यांना माहीत आहे. त्यांच्यासारखा जुना मधुमेह असला की असं होतं म्हणतात. डॉक्टरांना दाखव. आणि गठ्ठे शाळेत जाऊ देऊ नकोस.

हे लिहिताना मी चार वेळा उठून खिडकीशी गेले. मला तिथे असायला हवं होतं. पुढच्या बोटीने निघू का, एका शब्दाने कळव.

एक गोष्ट मात्र हाताशी आहे. नव्या सिस्टिममध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज आहे. कळ दाबली की तो अक्षर उच्चारतो. ब्रेलच्या टंकयंत्रासारख्या सहाच कळा वापरूनही तिच्यात लिहिता येतं, काकांना ते नव्याने शिकावं लागणार नाही. तुझी जुनी पुस्तकंही तिथून उघडतात, कारण ती जुन्या पार्टिशनमध्ये डोकावू शकते. अडचण एकच: दोन नावांचा पडदा येतो तेव्हा आवाज अजून जागा झालेला नसतो. पण बूट लोडरला तेवढ्यापुरती एक धून वाजवायला सांगता येतं. कसं ते मागच्या बाजूला लिहिलंय. आणि त्याला सांग, कितीही वेळ थांब, आपणहून निवडू नकोस. म्हणजे काकांची घाई होणार नाही.

रागावलीस तरी माझी जागा तेवढी राखून ठेव.

तुझी,
खारू


ता. २५ एप्रिल

चि. खारूस,

आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं.

मला ठाऊक होतं गं. म्हणजे ठाऊक नव्हतं, पण मध्यंतरी त्यांच्या बोटाला चटका बसून फोड आला होता, आणि तो कसा आला हे त्यांना सांगता येईना. तेव्हा मी त्यावर मलम लावलं. आणि यंत्राच्या मागे लागले. यंत्र दुरुस्त करता येतं ना.

मी शाळेची गाडी रिकामी परत पाठवली. काकांनी विचारलं, का. मी सांगितलं. ते म्हणाले, खारूने ठरवलं का आता माझ्या बोटांचं? मग म्हणाले, शाळेला कळवायचं नाही. मी म्हटलं, मुलं भागाकार शिकतील गुणाकाराच्या जागी. मी आवाज चढवला, त्यांनी दार लावून घेतलं. डॉक्टरकडे मात्र निमूट आले. डॉक्टर म्हणाले, नसा दुखावल्यात. आहे ते सांभाळा, गेलेलं परत येईल असं सांगवत नाही.

त्यानंतर घरात अबोला. चालणंही थांबलं, आणि ते तर त्याहून वाईट. पॅसेज रिकामा बघवत नाही. आता मीच येरझाऱ्या घालते.

तुझी ती धून बसवली. यंत्र सुरू केलं की पिपाणी वाजल्यासारखं वाजतं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा ते आतल्या खोलीतून हलले नाहीत. तरी मी रोज सकाळी लावते आणि दार उघडं ठेवते.

तू निघू नकोस. तुझं काम अर्धं टाकून आलीस तर ते मलाच बोलतील.

माझा लोभ कुठे जात नाही. तुझाही धाड.

आत्या


ता. ११ मे

चि. खारू हिला,

तुझ्या काकांचे आशीर्वाद, यंत्रामार्फत. वि. वि.

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. तुझी आत्या भाजी आणायला गेली आहे. चुका असतील तर त्या माझ्या. हिच्या चुका मी ओळखतो, त्या वेगळ्या असतात.

पिपाणीने मला फार छळलं. रोज सकाळी वाजायची आणि मग यंत्र गप्प उभं राहायचं, कोणीतरी निवडेल म्हणून. शेवटी चिडून उठलो, ते बंदच करायला. ही स्वयंपाकघरात होती. मी एक कळ दाबली, ती नेमकी बाणाची निघाली, मग एंटर दाबलं आणि जुन्या सिस्टिममध्ये जाऊन पडलो. तिथे आवाज नाही. मुक्याशेजारी आंधळा असे आम्ही दोघं बराच वेळ बसलो. मग बंद केलं, पुन्हा लावलं, पिपाणी वाजू दिली आणि बाणाला न शिवता एंटर दाबलं. एक बाई बोलू लागल्या. त्यांचे उच्चार ऐकवत नाहीत, बसस्टँडवर गाड्या पुकारल्यासारखं गणित वाचतात. पण वाचतात.

लोक म्हणतात, डोळ्यांपुढे अंधार आला. मला ते कधी समजलं नव्हतं. अंधार म्हणजे काय हे मला या हिवाळ्यात कळलं, पान हातात होतं आणि त्यावर काही नव्हतं तेव्हा. मी कोपरे दुमडत राहिलो, कारण मग काय करायचं ते सुचत नव्हतं. चालत राहिलो तेही त्याचसाठी.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना मीच फोन केला. त्या म्हणाल्या, आमच्या शाळेत शिकलेली एक मुलगी आता इथेच शिकवते, ती बोटांनी तपासेल, तुम्ही कानांनी तपासा. काल ती आली होती. फार भराभर वाचते. मी तिला हळू वाचायला सांगितलं, तिने मला कान साफ करायला सांगितलं. जमेल असं दिसतं. गणित पुन्हा छापलं, परीक्षेआधी पोचलं.

हे सगळं सोपं झालंय असं समजू नकोस. अजून सकाळी उठलो की आधी चादरीचा विणलेला काठ चाचपतो, लागतो का बघतो. लागत नाही. मग उठतो.

तुझ्या आत्याशी मी काय बोललो ते तिने तुला कळवलंच असेल. ती माझ्यासाठी दुरुस्तीवाल्याशी भांडली, प्रिंटरवाल्याशी भांडली, कागद बदलला. दोष माझ्यात नसावा म्हणून तिने सगळं यंत्र उलटंपालटं केलं. हे मी तिला बोलून दाखवलेलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

हे यंत्र मी लिहितो ते प्रत्येक अक्षर मोठ्याने बोलतं, ही याची खोड आहे. खाजगी म्हणून काही राहत नाही. आत्ताच दाराची कडी वाजली, पण पिशवी खाली ठेवल्याचा आवाज अजून आलेला नाही. म्हणजे ती दारात उभी आहे आणि ऐकते आहे. तेव्हा पुढचं वाक्य सावकाश लिहितो, बाईंना नीट उच्चारता यावं म्हणून. तुझ्या आत्यासारखी बाई मला मिळाली, याहून जास्त मी काही मागितलं नसतं.

पिशवी खाली ठेवली गेली. बटाटे घरंगळले आहेत. आता मला ते शोधायला जावं लागेल.

लोभ कर, आणि पावसाळा सरला की सुट्टी घेऊन ये.

तुझे,
काका