चावी काढायच्या आधी

७ नोव्हें.
बाबांच्या गाडीतला जुना टेप उपसून काढला. आत कॅसेट अडकलेली, बाबांच्या भजनी मंडळाची. फेकली नाही. टेपच्या भोकात आता माझा प्लेयर बसणार. छोटा कॉम्प्युटर बोर्ड, मेमरी कार्ड, बोटभर स्क्रीन, दोन बटणं, स्विचबोर्डचा रिकामा डब्बा.
बाबा बघून गेले. मले काही नाही, बोलले आईशीच. "इंजिनिअरिंग सोडलं, आता माह्यी गाडी सोलून राह्यला."

१२ नोव्हें.
वाजला. पण एक्सिलेटर दाबला की गाण्यामागे कुंईऽऽ. अर्थची वायर थेट गाडीच्या बॉडीला घट्ट कसली, गेला तो आवाज.
कॅसेटपण कार्डावर उतरवली. बाबांना सांगितलं नाही.
पहिल्या नंबरवर माधवी. मागच्या हिवाळ्यात नाचणगावच्या रस्त्यावर, याच गाडीत गुणगुणत होती, मी मोबाईलवर घेतलं. शेवटी हसते. "बंद कर ना रे, कोणी ऐकलं तर." तिचं लग्न ठरल्याचं कळलं त्या दिवशी मोबाईल भिंतीवर फोडला. कार्ड तेवढं वाचलं.

१९ नोव्हें.
प्लेयरची एक खोड. एकदम चावी काढली की करंट तुटतो आणि कार्ड खराब होऊ शकतं. आधी लाल बटण, हिरवा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग चावी. चिकटपट्टीवर लिहून लावलं, 'आधी बटण'.
आई वाचून हसली. "तुले थांबणं जमन का?"
माधवीच्या गाण्याची कॉपी ठेवायला पाहिजे. पण घरच्या लॅपटॉपवर कोणीही ऐकेल. बघू.

२ डिसें.
माधवीचा फोन. इतक्या महिन्यांनी. क्षणभर वाटलं, की...
"एकवीसले साक्षगंध आहे. तुह्याजवळ माह्यं गाणं आहे ना? काढून टाक."
म्हटलं, काऊन? कोणाले ऐकवणार आहे का मी?
"तुह्या रागाचा भरवसा नाई रे."
काढतो म्हटलं. काढलं नाही.

९ डिसें.
तेच वाक्य डोक्यात. भरवसा नाई. ती म्हणायची, तू डिग्री घे, माह्या बाबाले मी सांगते. तिसऱ्या वर्षाला सरांनी जर्नल फेकलं, मी टेबल उलटवला. गेटबाहेर पडलो तो पडलोच. तिनं काय सांगायचं होतं मग घरी?

२१ डिसें.
तिच्या साखरपुड्याला जायचं नव्हतं. तरी गेलो. गल्लीच्या तोंडाशी मंडप, पुण्याच्या पासिंगच्या गाड्या. मी गाडीत, माधवी प्लेयरवर. तिच्या भावानं ओळखलं. काचेवर टकटक.
"तू कायले आला बे?"
डोकं फिरलं. चावी खेचली, उतरलो, दार आपटलं. "बंद कर ना" इथेच आवाज तुटला. कॉलर धरायला हात उचलला तर त्यानं हात जोडले. "आजचा दिवस नको ना यार." त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.
परत गाडीत बसलो. चावी फिरवली. स्क्रीन काळी. चिकटपट्टी समोरच होती.

२२ डिसें.
कार्ड कुठेच उघडत नाही. तिला मेसेज टाकला, 'गेलं.'
'बरं.' थोड्या वेळानं, 'थँक्स.'
खोटं तर नाही लिहिलं.

२९ डिसें.
कार्ड वर्ध्याच्या दुकानात दिलं, काही परत येतं का बघायला. दुकानदार म्हणे, काय होतं? म्हटलं, गाणे. तिला 'गेलं' लिहिलं आणि इथे... काऊन दिलं मी?

६ जाने.
"फाईली आल्या, पण नावं उडाली," दुकानदार म्हणाला. "ऐकून ऐकून ओळखा आता." नुसते नंबर. नव्या कार्डावर घेऊन प्लेयरमध्ये टाकल्या. एकही ऐकली नाही.

११ जाने.
बाबांना वडनेरला आत्याकडे आणलं. टेप काढल्यापासून पहिल्यांदा माझ्या शेजारी बसले. हिंगणघाट सुटलं. शेवटी म्हणाले, "एवढं सोललं, मंग वाजव तरी."
पहिला नंबर लावला. खंजिरी. बाबा सावरून बसले. "हे माह्यी खंजिरी. हे तर... कुठून आणली बे तू?" गुडघ्यावर बोटं वाजायला लागली. मी रस्त्याकडे बघत राहिलो.
भजन संपलं. बटणावर बोट नेलं, तसंच राहिलं.
"थांबला काऊन? लाव ना पुढचं."
नाही लावलं. वडनेर येईपर्यंत हात स्टिअरिंगवरच ठेवला.
बाबा आत गेले. मी अंगणात, गाडीत बसून लिहून राह्यलो. पुढची फाईल तिची असेल, नसेल. काढतो म्हटलं होतं. कोणती काढायची ते ऐकल्याशिवाय कळणार नाही, आणि ऐकल्यावर...
बाबांची आतून हाक, चहा झाला. चावी लावलेलीच आहे. दिवा हिरवा.