काळी दोन

१३ नोव्हें., गुरु.
आज देवळात आवाज फाटला. शेवटच्या कडव्यात, वरच्या सा वर. कोंबडं अर्धवट कापल्यावर ओरडतं तसा. पेटीवर शिवाप्पाच्या बोटांकडं बघितलं, काळी दोनच होती, माझी नेहमीची पट्टी. कुणी हसलं नाही. सगळे मान खाली घालून टाळ वाजवत राहिले. हसले असते तर बरं झालं असतं.
घरी सौ. म्हणाली, "थंडी बाधली असंल." हिला खोटं बोलता येत नाही, तरी बोलली.
दत्तजयंती तीन आठवड्यांवर. त्या दिवशीचं पहिलं भजन सव्वीस वर्षं माझं आहे.

१४ नोव्हें.
दिवसभर एकच विचार. शिवाप्पा मला उठवायला बघतोय का?
आमच्या मंडळात कुणी कुणाला 'आता गाऊ नका' म्हणत नाही. तशी पद्धत नाही. पेटीवाला पट्टी वर घेतो. म्हाताऱ्याचा आवाज चारचौघांत फाटतो आणि तो आपणहून उठतो. कुणाचेच हात मळत नाहीत.
मला माहीत आहे, कारण मीच केलंय. तेव्हा पहिलं भजन नरसिंगराव पटवारी म्हणायचे, माझ्याहून खालच्या काळी एकमध्ये. मी बेचाळीसचा, नुकताच हेडमास्तर झालेलो, गळा तापलेला. शिवाप्पाच्या कानात सांगितलं, आज काळी दोन लाव. नरसिंगराव वर चढले आणि फाटले. पहिलं हसू माझं. त्यांनी पाणी मागितलं, टाळ उपरण्यात गुंडाळले आणि गेले. पुन्हा देवळाची पायरी चढले नाहीत. पुढच्या गुरुवारी खांबापाशी त्यांच्या जागेवर मी बसलो. खरं सांगायचं तर आनंद झाला होता. अजूनही आठवून थोडा होतो.

२० नोव्हें., गुरु.
जपून गायलो, निभलं. भजनानंतर पेटी घरी न्यायला उचलली. धूळ बसलीय, साफ करतो म्हटलं. शिवाप्पा मध्ये आला. "ऱ्हाऊ द्या की अण्णा, मी करतो. तुम्ही कामून तरास घ्यायलाव?" चाळीस वर्षांत या माणसानं पेटी पुसलेली मी बघितली नाही. संशय पक्का. आणलीच.

२१ नोव्हें.
सापडलं. वर नाही. खाली!
ही पेटी स्केलचेंजर, मंडळानं तीन वर्षांमागं घेतलेली. पट्ट्यांची अख्खी फळी बाजूला सरकते. बोटं काळी दोनवर दिसतात, सूर दुसराच निघतो. फळी तीन घरं खाली सरकवून ठेवलेली. म्हणजे जिला काळी दोन समजून मी छाती काढत होतो ती पांढरी एक. नरसिंगरावांच्याही खाली.
खात्रीसाठी घरातली जुनी पेटी काढली. दोन्हींवर काळी दोन दाबली. मला दोन्ही सारख्याच वाटल्या. पुन्हा दाबली. सारख्याच. स्वयंपाकघरातून सौ. ओरडली, "नवी खाली बोलायलीय की! मला हितं भाकरी थापता थापता कळायलंय, तुम्हाला न्हाई?"
कधीपासून माहीत आहे तुला?
"सगळ्यांलाच ठाव हाय."

२२ नोव्हें.
शिवाप्पाला बोलावलं. आला, उघडी पेटी बघितली, खाली बसला. कधीपासून करायलास, म्हणून विचारलं.
"दोन वर्सं झाली. आधी एक घर, मग दोन. तुम्हाला कळंना, म्हणून तीन."
डोकं फिरलं माझं. म्हणालो, तुझ्या बापानं मेंढरं राखली, तू माझा गळा राखायला लागलास व्हय रे? साठ वर्षांच्या दोस्तीत त्याची जात, धंदा कधी काढला नव्हता. आज काढला.
तो रागावलासुद्धा नाही. "बाप लंगड्या मेंढरासाठी अख्खा कळप हळू हाकायचा, अण्णा. तेवढंच केलो." मग दारात थांबून म्हणाला, "नरसिंगरावाच्या टायमाला तुम्ही सांगितलाव, मी केलो. त्याचं तोंड अजून दिसतंय मला. पुन्हा तसं आपल्या हातनं नको म्हणलो."
चहा न घेता गेला. लंगडं मेंढरू म्हणे! जिव्हारी लागलं. माझं बोलणं त्याला किती लागलं असेल ते मोजायची आज हिंमत नाही.

२५ नोव्हें.
हुमनाबाद, कानाचा डॉक्टर. उजवा निम्मा, डावा जवळजवळ गेलेला. ओरडून बोलत होता. "मशीन लावा सर, गाणं मस्त ऐकू येईल." ऐकायचं कुणाला आहे? मी निघताना तो नर्सला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला आणि दोघं हसली. कन्नड मला येतं. ऐकू आलं नाही.

२७ नोव्हें., गुरु.
गेलो नाही. पेटीही माझ्याकडंच, भजन नुसत्या टाळांवर. सौ. गेली. खांबापाशी गिरिजाबाई बसल्या म्हणे, शाळेत नव्यानं आलेल्या बाई. सौ. परतली ती गुणगुणतच. कसं झालं? "झालं." मग ताट वाढताना, "पोरीचा गळा चांगला हाय, खोटं कशाला बोलू?"
आज खोटं बोलली असती तर चाललं असतं.

२ डिसें.
मंडळाला चिठ्ठी लिहायला घेतली. 'प्रकृतीच्या कारणानं यापुढं...' हात पुढं जाईना. प्रकृतीला काय धाड भरलीय? दोन भाकऱ्या खातो, मळ्यापर्यंत चालत जातो.
शिवाप्पा दहा दिवसांत फिरकलेला नाही. माफी मागायला पाहिजे. मागणार नाही, माझा स्वभाव मला माहीत आहे.
दुपारी फळी जागेवर आणली आणि खरी काळी दोन लावून गायलो. दुसऱ्या ओळीला सौ. उठली आणि रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या.

४ डिसें., गुरु. दत्तजयंती
सकाळी शिवाप्पा आला. मागचं काही काढलं नाही. "संध्याकाळी पेटी न्यायला येतो. पहिलं भजन तुमचंच हाय अण्णा, भिऊ नका. मी हाय की."
तो आहे म्हणजे फळी तीन घरं खाली, आणि गाव मान खाली घालून टाळ वाजवणार. आता मला माहीत असताना.
दुपारी फळी खऱ्या जागेवरच आहे हे बघून घेतलं आणि सरकवायच्या खाचेत स्क्रू मारून पक्की केली. आता ती शिवाप्पालाही हलवता येणार नाही. नरसिंगरावांना दिलं तेच स्वतःला द्यायचं. चार वाजता भीती वाटली, स्क्रू काढला. पाचला परत मारला. घाईत पेचकस निसटला, लाकडाला चरा पडला.
चिठ्ठी पुरी झाली. सदऱ्याच्या खिशात आहे. देईन की नाही, ठरलेलं नाही. सौ. नवं लुगडं नेसून ओसरीवर बसलीय, माझ्याकडं बघायचं टाळतेय.
शिवाप्पा आलाय. पेटी उचलायच्या आधी सवयीनं त्याचा हात फळीकडं गेला. एकदा ढकलली, दोनदा ढकलली. माझ्याकडं बघून म्हणाला, "अण्णा, ही सरकंना."
त्याच्या तोंडावरून कळलं काय म्हणाला ते. ऐकू न आल्यासारखं केलं. तो पेटी उचलून, पायताण घालून अंगणात थांबलाय, तेवढ्यात हे लिहितोय.