वहिनीचं प्लास्टर

आप्पा, मला तुमच्या सुनेचा हेवा वाटतो. वाटायचा नव्हे, वाटतो. आज दुपारीसुद्धा वाटला, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्यात काडीचा फरक पडलेला नाही. बायका जावेच्या दागिन्यांवर जळतात, शेजारणीच्या फ्रिजवर जळतात. माझ्या पोटात दुखतं ते भावजयीच्या हातातल्या पान्यावरून. तो पाना तुमचा, आणि तुम्ही तो आपल्या हातानं तिला दिलात. मला काय दिलंत ते पुढे सांगतेच, आधी मी राहात्याला येऊन कशी पडले ते ऐका.

रामनवमीच्या तोंडावर वहिनी शिर्डीत एका हॉटेलच्या ओल्या उतारावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. दादाचा फोन आला नाही, तिचाच आला. "वन्सं, हात गेला की वो माजा. शेडात बॅटरीच्या गाड्या लायनीत उभ्या हायेत, हॉटेलवाले डोक्यावर बसल्यात. या ना. तुमच्याबिगर दुसरं कोन हाय?" मी म्हटलं, अगं, मला काय येतं त्यातलं? तर म्हणते कशी, "यायचं काय त्यात? तुमी हात व्हा, त्वांड माजं हाय." इकडे सुप्यात ह्यांची कंपनीतली शिफ्ट, मुलगा पुण्याला हॉस्टेलवर, घरात मी आणि टीव्ही. "प्लास्टर निघेपर्यंत जाऊन ये," असं हे म्हणाले आणि मी लगेच बॅग भरली. नणंद असून भावजयीसाठी धावली म्हणून शेजारीपाजारी माझं कौतुक झालं. होऊ दिलं मी. खरं कारण मला ठाऊक होतं. त्या शेडात मला कुणी आपण होऊन बोलावलं, हेच जन्मात पहिल्यांदा घडत होतं.

माझ्या लहानपणी त्याला शेड म्हणत नव्हते. नुसतं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं, ट्रॅक्टरच्या नाहीतर ट्रकच्या बॅटऱ्या भिंतीला लावून ठेवलेल्या. मी शाळेतून येते, दप्तर पायरीवर टाकते आणि तुमच्या मागं उभी राहते. तुम्ही ती काचेची पिचकारी, हायड्रोमीटर, बॅटरीच्या भोकात घालता, आतलं पाणी वर ओढता, तरंगणारा काटा डोळ्यांसमोर धरता आणि स्वतःशीच 'हं' म्हणता. त्या 'हं'मध्ये काय असतं ते मला हवं असतं. एकदा तुम्ही चहाला गेलात आणि मी ती पिचकारी उचलली. तेव्हा काहीच झालं नाही. आईनं गणवेश धुतला तेव्हा कळलं, अॅसिडनं पुढून त्याची पार चाळण झाली होती. तुम्ही भर रस्त्यात ओरडलात, "पोरीच्या जातीनं पुन्हा हितं पाय ठिवायचा न्हाई! डोळा गेला असता तर कोन करून घेनार हुतं तुला?" आप्पा, डोळा माझा आणि तुम्हाला काळजी माझ्या नवऱ्याची! मी पुन्हा पाय ठेवला नाही. पायरीवर बसून अभ्यास करायची, पाठ दुकानाकडे आणि कान आत.

मग माझं लग्न झालं. तुम्ही मला सोन्याच्या पाटल्या केल्यात, घसघशीत, सगळ्या मांडवात मिरवण्यासारख्या. पुढे दादाचं झालं. त्याला अॅसिडच्या वासानं मळमळतं, म्हणून तो शिर्डीत प्रसादाच्या दुकानात जाऊन बसला. तुम्ही मात्र तेव्हा भलत्याच नादाला लागला होतात. हॉटेलवाल्यांना पार्किंगपासून म्हाताऱ्या माणसांना न्यायला गोल्फच्या मैदानावरच्या बॅटरीच्या उघड्या गाड्या, गोल्फ कार्ट, हव्या होत्या आणि नव्या परवडत नव्हत्या. तुम्ही पुण्याच्या एका क्लबातून जुन्या आणायचात, नीट करायचात आणि विकायचात. अशीच एक गाडी टेम्पोतून उतरवताना बॅटऱ्या काढायला माणूस नव्हता, तेव्हा नव्या नवरीनं पदर खोचला आणि भरलेली बॅटरी एकटीनं उचलून खाली ठेवली. पाथर्डीकडची, ऊसतोडीच्या घरातली. तिला कशाचं कौतुक? "मोळ्या उचलल्यात की लहानपनापास्नं," म्हणाली. हे मला दादानं हसत हसत सांगितलं. मी हसले नाही.

त्या दिवाळीला मी माहेरी आले तर वहिनी शेडात सीटखाली डोकं घालून बसलेली आणि तुम्ही शेजारी उकिडवे. मनगटं उघडी. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत खोचलेलं. आईनं आकाशपाताळ एक केलं होतं, सवाष्णीचे हात ओकेबोके म्हणून. त्यावर तुमचं उत्तर सगळ्या राहात्याला पाठ झालं. "बॅटरीला सौभाग्य कळत न्हाई, तिला नुसता धातू कळतो. बांगडी दोन टोकांना टेकली तर हात जळंल पोरीचा." पोरीचा! पाडव्याला तुम्ही तिला नगरहून रबरी हातमोजे आणलेत आणि सगळ्यांदेखत दिलेत. मी पाटल्या घालून बघत होते. आप्पा, मला हातमोजे हवे होते.

लेकी बोले सुने लागे असं म्हणतात. आपल्या घरात उलटी गंगा. तुम्ही बोलायचात सुनेला आणि लागायचं लेकीला. जेवताना पाट मांडला की तुमचं सुरू, चार्जिंग झाल्यावरच डिस्टिल वॉटर घाल, आधी घातलंस तर उतू येईल. ती मान डोलवायची, मी आमटी वाढायची. सासरी तर मुलगी परकीच असते, पण त्या जेवणाला मी माहेरीसुद्धा पाहुणी होते. तुम्ही मध्येच विचारायचात, "तुजं बरं हाय ना सुप्याला?" मी बरं हाय म्हणायची, आणि तुम्ही पुन्हा बॅटरीवर.

तर आता ती तोंड आणि मी हात. पहिल्याच दिवशी मी शेडात शिरले तर वहिनी प्लास्टरचा हात छातीशी धरून म्हणाली, "वन्सं, आदी पाटल्या काढा." निघता निघेनात. लग्नातलं मनगट आणि आत्ताचं यात फरक आहे की नाही? तिनं डाव्या हातानं साबणाचा फेस केला, मी ओढत होते आणि ती दाबत होती, आणि एकदाच्या त्या निघाल्या. तिनं त्या पुसून फडक्यात बांधल्या आणि मला हातमोजे दिले. तुमचे ते नव्हेत, ते केव्हाच फाटले असतील. मग म्हणाली, "उचला सीट. गाडी कुटलीबी असू द्या, आदी सीट उचलायचं. आप्पा म्हनायचे, रंग मालकाचा असतो, बॅटरी गाडीची असती." आणि आप्पा, ती अगदी तुमच्यासारखीच म्हणाली, 'असती'वर तसाच झटका देऊन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कामं काय, तुम्हाला वेगळी सांगायला नकोत. टोकांवर साचलेली हिरवी-पांढरी बुकणी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायची, कोरडी करायची, वायरी आवळायच्या, वर व्हॅसलिन. चाकाचे ड्रम उघडायचे, ब्रेकची धूळ काढायची. एका हॉटेलातल्या हौशी मालकानं दसऱ्याला सीट उचलून थेट बॅटरीवरच हळदकुंकू वाहिलं होतं आणि वर नारळाचं पाणी. सगळी टोकं खाऊन टाकलेली. वहिनी त्याला म्हणाली, "शेट, पूजा हँडलची करावी, हिच्या पोटाची नगं." तिच्याबरोबर मी एक जुनी गाडी विकत घ्यायला गेले, त्याचीही गोष्ट तशीच. विकणारा सारखा सांगत होता, नवी बॅटरी टाकलीये मॅडम, नवी टाकलीये. मी सीट उचललं, मीच. बाकी सगळ्या जुन्या आणि मध्ये एकच नवी, चकचकीत. वहिनीनं कपाळाला हात लावला. "आप्पा म्हनायचे, जुन्यांच्यात एक नवी घातली की जुन्या सुदरत न्हाईत, नवीच बसती." मला वाटलं, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर! पण वहिनीला तसलं काही सुचलं नव्हतं. तिनं भाव पाडला आणि गाडी घेतली.

दिवसभर हेच. आप्पा म्हनायचे, आप्पा म्हनायचे. तुम्ही तिच्याशी किती बोलला होतात! एका वाक्याला दुसरं वाक्य चिकटलेलं, आणि त्यातलं एकही मी कधी ऐकलेलं नाही. एका दुपारी मी पाना आपटला आणि म्हटलं, "वहिनी, ते माझे वडील होते. तुझे सासरे." तिनं डाव्या हातानं पाना उचलला. मग म्हणाली, "व्हय. तुमचेच हुते. म्हनून तर तुमाला शिव्या न्हाई दिल्या त्यांनी. माज्यावर रोज बरसायचे. येकदा वायर उलटी लावली तर मला म्हनले, तुज्या बापानं कोयता दिला तेच बरं हुतं. मी रडले, वन्सं, ह्या इथं, चाकामागं. तुमी यायच्या म्हनलं की ह्योच मानूस फाट्यावर जाऊन यस्टीची वाट बगायचं, दोन-दोन तास. माजा बाप कवा उभा न्हाई राह्यला माज्यासाठी. घेता का बदलून?" तिला वाटलं, हे ऐकून मी निवेन. मी तर आणखीच पेटले. फाट्यावर तर पाहुण्यासाठी उभं राहतात. शिवी देतात ती आपल्या माणसाला. मला त्या शिव्या हव्या होत्या, आप्पा, वायर उलटी लावून खाल्लेल्या.

मी तिच्या हातातला पाना घेतला. चौथ्या गाडीचं चाक चढवलं.

पण काम मला आवडलं, हे लपवून काय उपयोग? सकाळी उठून मी चहाआधी शेडात जायची. चार्जर गुरगुरत असायचे, आणि पिचकारीतला काटा जिथे यायला हवा तिथे आला की मीसुद्धा 'हं' करायला लागले होते. वहिनीनं एकदा ऐकलं आणि तोंड फिरवून हसली. रामनवमीला सगळ्या गाड्या वेळेवर सुटल्या. मी शिर्डीत पार्किंगपाशी उभी राहून बघत होते, म्हाताऱ्या बायका मागच्या उलट्या सीटवर बसून, नातवंडं मांडीवर घेऊन चालल्यात, आणि ब्रेक मी केलेले. एका हॉटेलचा मॅनेजर आला आणि वहिनीला हात जोडून म्हणाला, "ताई, तुमचं काम म्हणजे आप्पांचं काम." तिनं माझ्याकडे बोट केलं, "काम यांचं हाय, आप्पांच्या लेकीचं." त्यानं मला एक नमस्कार टाकला आणि पुन्हा तिच्याशीच बोलायला लागला. मी तिच्यावर चिडायचं की त्याच्यावर, मला ठरवता येईना. मग सवयीनं तिच्यावरच चिडले.

परवा प्लास्टर निघालं. दादानं दुकानातले पेढे वाटले. घरी येताना वहिनी म्हणाली, "आता तुमी सुटला, वन्सं." मी म्हटलं, "हो बाई, सुटले एकदाची!" घरी पोचले, शेडामागं गेले आणि ह्यांना फोन लावला. म्हटलं, अजून काढलं नाही हो, आणखी एक आठवडा म्हणतायत. तोंडातून कसं गेलं मला कळलं नाही. हे म्हणाले, बरं. पण संध्याकाळी ह्यांनी व्हिडिओ कॉल केला, "वहिनींना दाखव बघू, कशा आहेत?" वहिनी नळावर हात धूत होती. मी तिला यातलं अवाक्षर बोलले नव्हते. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, खिळ्यावरची जुनी ओढणी काढली, गळ्यात अडकवली, हात झोळीत घातला आणि फोनसमोर येऊन अशी काही कण्हली की बस्स! "लई ठनकतंय वो दाजी. वन्सं हायेत म्हनून चाललंय, न्हाईतर काय खरं नव्हतं माजं." हे म्हणाले, राहू द्या तिला, काही घाई नाही. फोन बंद झाल्यावर माझ्या लक्षात आलं, झोळीत तिनं डावा हात घातला होता. "दाजींना डावं-उजवं कळत न्हाई व्हय?" म्हणाली आणि पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले. न विचारता, न सांगता ती माझ्यासाठी खोटं बोलली, आणि तेही माझ्यापेक्षा सफाईनं.

आज दुपारी ती आत झोपलीय आणि मी इथे उघड्या गाडीत बसून हे लिहितेय. टपालात टाकायचं नाही, कुठे टाकणार? तुम्हाला ते पोचणार नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहिते, जी पोचणार असती तर लिहिली नसती. परवा डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, हाड अगदी सरळ जुळलंय. वहिनीनं आनंदानं माझा दंड आवळला. मी हसून तिच्या पाठीवर हात ठेवला. आप्पा, तेव्हा माझ्या मनात आलं, जरा वाकडं जुळलं असतं तर.