सूनबाईची कंबर, आणि जाताजाता माझी

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

इकडे सगळं ठीक. आपली तब्येत, व्याह्यांचा खोकला आणि आपल्या जिन्याची दुरुस्ती, तिन्ही मार्गी लागली असतील असं धरून चालते. (खोकल्याबद्दल मागच्या फोनवर आपण सविस्तर बोललात, तेव्हा तो पुन्हा कळवला नाहीत तरी चालेल.)

पत्राचं कारण आपली कन्या. तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार करणाऱ्यांतली मी नाही, हे आपण लग्नाच्या बोलणीपासून पाहतच आहात. पण आठवा महिना लागला आणि तिची कंबर दुखू लागली. कूस बदलताना कण्हायची, चालताना मध्येच थांबायची. मी म्हटलं, या दिवसांत कंबर दुखायचीच. मी पोटुशी असताना शेवटपर्यंत आमच्या याच लाँड्रीत उभी राहून इस्त्री केली आहे. ती दुसऱ्या दिवशी परस्पर डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. त्यांनी तपासलं, काळजीचं काही नाही म्हणाल्या, आणि व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. त्या बाईंनी शिकवलं काय, तर हात आणि गुडघे टेकून रांगायच्या पवित्र्यात यायचं, श्वास सोडत पाठ हळूच वर उचलायची, मग पुन्हा सपाट करायची. खाली झोल जाऊ द्यायचा नाही. शिवाय भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, गुडघे किंचित वाकवायचे आणि कंबर भिंतीला टेकवायची. दुखलं की थांबायचं. (मांजर हे कोणाकडे न शिकता करतं, असं मी फक्त ह्यांच्या कानात म्हणाले. ह्यांनी ते चहा पिता पिता तिला सांगितलं.)

आमच्याकडे पाठ उचलण्याइतकी मोकळी जमीन एकच, दुकानात काउंटरच्या मागे, इस्त्रीचं टेबल आणि हँगरांचा दांडा यांच्या मधली. तिथे चटई टाकून आपली कन्या सकाळी रांगायची आणि वर गिऱ्हाइकांच्या पँटी डुलायच्या. भिंतीचा व्यायाम ती कोटांच्या रांगेमागे करायची. आलेल्या गिऱ्हाइकाला कोटांखाली दोन पाय तेवढे दिसायचे. चिरंजीव मदत म्हणून तिच्याबरोबर लांब श्वास घ्यायला बसायचे आणि बसल्याजागी घोरायला लागायचे. मी हे सगळं गप्प राहून पाहिलं. (आपण हसाल, पण गप्पच होते.)

परवा मात्र मला राहवेना. पाठ ती उचलत होती खरी, पण त्यात जीव नव्हता, असं माझं मत पडलं. तसं सांगून पटेना, तेव्हा करून दाखवावं म्हणून मी शेजारी उतरले. हात टेकले, गुडघे टेकले, पाठ चांगली झोकात वर उचलली, आणि ती तिथेच राहिली. खाली येईना. मान वळेना. समोर फक्त टेबलाचा पाय. ह्यांची स्वारी धुतलेले कपडे पोहोचवायला बाहेर, चिरंजीव कामावर, आणि आपली कन्या अशा अवस्थेत. ती मला उचलणार कशी? तिने उचललं नाहीच. समोर येऊन तशीच हातागुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "आई, घाई नाही. आधी श्वास सोडा." मग तिने एक हात माझ्या कंबरेवर ठेवला आणि विचारलं, "किती वर्षं दुखतेय?"

मी म्हटलं, दुखत नाही. तिने हात काढला नाही. तेव्हा मी म्हटलं, चिरंजीवांच्या वेळेपासून. (हे मी ह्यांनाही कधी बोलले नव्हते. ह्यांनी कधी विचारलं नव्हतं, हेही खरंच.)

आणि नेमकी तेव्हाच काउंटरवरची घंटी वाजली. आमच्या गिऱ्हाईक असलेल्या वकीलबाई कोट न्यायला आल्या होत्या. कोणी दिसेना म्हणून त्यांनी वाकून पाहिलं, तर सासू-सून समोरासमोर, चारी पायांवर. काही हरवलंय का, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, बटण. बाई स्वभावाने फार भल्या. अंगावरच्या काळ्या कोटासकट काउंटरखालून आत आल्या आणि शोधायला लागल्या. काय सांगू, विहीणबाई, त्यांना बटण सापडलं. कोणाचं, कधीचं, देव जाणे. त्या शोधाशोधीत माझी पाठ केव्हा सुटली कळलंच नाही. मला उभं वकीलबाईंनी केलं. आपल्या कन्येने फक्त सूचना दिल्या, त्याही चांगल्या ठणठणीत आवाजात. तो आवाज कोणाकडून आलाय, हे मी विचारत नाही.

तेव्हापासून सकाळी मीही चटईवर उतरते. तिला सोबत म्हणून, बाकी काही नाही.

व्याह्यांना नमस्कार. लोभ आहेच, हे पत्र वाचून तो आटू नये.

आपली,
विहीण

ता. क. महिनाअखेरीला तिला बाळंतपणासाठी न्यायला आपण गाडी घेऊन येणार, असं ठरलं आहे. तिकडे पोहोचेपर्यंत इतका वेळ गाडीत बसणं तिच्या कंबरेला सोसणार नाही, असं मला वाटतं. (डॉक्टरीणबाईंना विचारलेलं नाही. विचारलं तर त्या खुशाल जा म्हणतील.) बाळंतपण इथेच होऊ द्यावं.

ता. क. दुसरा. आपणच इकडे राहायला या. पुढची खोली रिकामी करून ठेवली आहे. स्वयंपाकघर एक दिवस आपलं, एक दिवस माझं. ती गेली तर मला करमणार नाही, असा याचा अर्थ मुळीच काढू नये.

ता. क. शेवटचा. पाकीट बंद करण्याआधी पत्र तिला वाचायला दिलं. तिने शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "आई, माझी कंबर आता कशी आहे, हे तुम्ही कुठे लिहिलंच नाही. आईला तेवढंच हवं असणार." तर, बरी आहे. पुष्कळच बरी आहे. चटईवरून उठताना फक्त माझा खांदा धरते, तोही हलकेच.