निरोगी नमुना

४ मार्च, सकाळी ९
आजपासून लॅबमधलं 'नाक' माझ्या ताब्यात. श्वास हुंगून फुप्फुसाचा आजार ओळखणारं मशीन. नळीत फुंकायचं. हिरवा दिवा म्हणजे ठणठणीत, लाल म्हणजे पुढची तपासणी. आधी वीस निरोगी माणसांचे श्वास देऊन त्याला 'निरोगी' म्हणजे काय ते शिकवायचं. संकल्प: आठवड्यात काम फत्ते.

५ मार्च
वीस माणसं शोधा, त्यांचे एक्स-रे काढा, फॉर्म भरा. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? विसाच्या वीस वेळा मीच फुंकलो. पंधरा वर्षांत आजारपणाची एक रजा नाही. शेवटी जरा खोकला आला. एसीमुळे.

७ मार्च
वॉचमन लाल. त्याच्या सिगारेटी. साहेबही लाल. सांगायची हिंमत झाली नाही. मशीन मात्र तल्लख.

८ मार्च, दुपारी
बायको विसरलेला डबा द्यायला आली, वर चार शब्द सुनावले. गंमत म्हणून तिला फुंकायला लावलं. लाल. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही. दिवा बिघडलाय म्हणालो.

१० मार्च
घास उतरत नाही. तिच्याशिवाय मी काय करणार? ती जिना चढते तेव्हा मी तिचे श्वास मोजतो. तिला धाप लागत नाही, मलाच लागते. काळजीनं. संकल्प: तिच्यावर आवाज चढवायचा नाही. भांडी घासली. तिला लगेच संशय आला.

११ मार्च
रडून सगळं सांगून टाकलं. साहेबांनाही फोन केला. तिनं मलाच पाणी दिलं.

१३ मार्च
तिचा स्कॅन स्वच्छ. साहेबांचा, वॉचमनचाही. सुटलो. मशीन भंगार आहे, असं मी स्कॅन तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, निरोगी नमुने कुणाचे? छाती फुगवून म्हणालो, माझेच.
त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले.
"मशीन ठीक आहे. ही माणसं तुमच्यासारखी नाहीत, एवढंच ते सांगतंय. खोकला कधीपासून आहे?"
एसी, म्हणणार होतो. बायको आधी बोलली.
"चार महिने झाले."

१४ मार्च, सकाळी ७
आठला माझा स्कॅन. उपाशीपोटी. निघणार नाही काहीच. आज खोकलाही कमी आहे. मोजे सापडत नव्हते, चष्मा बाथरूममध्ये राहिला, तिचा चहा सांडला. बायकोनं सगळं मुकाट्यानं आवरलं. एकदाही ओरडली नाही.
मला फार भीती वाटतेय.