माझ्या नावावरची माफी

९ जून

शाळेने मासे पाठवले — कागदाचे! नवा मुख्याध्यापक केलहर स्वतः दारात, मोटारसायकलसारख्या उघड्या चारचाकीवरून. (दर दोन वर्षांनी नवा येतो. नाव पाठ होईपर्यंत गेलेला असतो.) "सोफी, तुमच्या उन्हाळी वर्गासाठी रंगीत छापून घेतलेत." प्लास्टिकमध्ये बंद केलेला मोठा साल्मन. पोटावर बाण, शेपटीवर बाण, प्रत्येक बाणापुढे आमच्या युपिक भाषेतला शब्द. शब्द माझ्याच शब्दकोशातले — त्यातही दोन चुकवलेले.

नदी बंद आहे. मोठे साल्मन कमी झालेत, म्हणून आमच्या कुस्कोक्विम नदीत कुणी जाळं टाकायचं नाही. बाहेर समुद्रात कारखान्यांची जहाजं ओरबाडतायत ते चालतं. आणि मी मुलांना चित्रावर बोट ठेवून सांगायचं — हे पोट.

मासा कापायचे, वाळवायचे, धुराला लावायचे शब्द गोळा करण्यात माझी हयात गेली. ज्यांनी सांगितले ते सगळे मातीत आहेत. केलहरला चहा दिला नाही.

१२ जून

चर्चबाहेर वासिली भेटला. माझा दीर. विद्यापीठाने मला डॉक्टर केल्यापासून त्याला ऊत आलाय.

"डॉक्टरीणबाई, गुडघा बघा ना माझा."

"कापावा लागेल," मी म्हटलं.

सगळे हसले. घरी येऊन तो पदवीचा काळा झगा पेटीच्या तळाशी कोंबला. समारंभात मला युपिकमध्ये दोन वाक्यं बोलायला लावली, टाळ्या वाजवल्या. काय बोलले ते एकालाही कळलं नव्हतं. मी म्हटलं होतं — इथे फार उकडतंय.

१५ जून

टाकलं जाळं. वासिलीची होडी, माझं जाळं. मुलं काठावर, तोंडातून आवाज नाही.

मासा आला तेव्हा मात्र! ओरडणं, निसटणं, सगळ्यांचे हात बुळबुळीत. पोरींच्या हातात उलुआक दिले — आमच्या अर्धगोल सुऱ्या. पहिल्या दोन माशांचं वाटोळं केलं त्यांनी. मग एकीने, ओल्गाने, नीट काप घेतला आणि आतली चकाकती पातळ कातडी बोटाने उचलून विचारलं, "बाई, याला काय म्हणतात?"

चित्रात त्याला बाण नव्हता.

सांगितला शब्द. सगळ्यांनी म्हटला. वर्षानुवर्षं हाच शब्द फळ्यावर लिहून विसरताना पाहिलंय मी मुलांना. आज कुणी विसरणार नाही. फार दिवसांनी मला माझं काम आवडलं.

१६ जून

विमान आलं, पाण्यावर उतरलं. दोन गोरे पोरगे, मासे खात्याचे. सभ्य. फार सभ्य! जाळं नेलं. दांड्यांवर टांगलेले मासे नेले. पुरावा म्हणे.

वासिली — "पुरावा वाळवून खा, ओला चांगला लागत नाही."

त्यांना कळलं नाही. मुलं हसली. मग त्यांनी मुलांची नावं लिहून घेतली, आणि कुणीच हसलं नाही.

२० जून

कोर्टाचा कागद. वासिलीची होडीही जाऊ शकते. केलहर येऊन गेला — आज चारचाकीवरून उतरलासुद्धा नाही. "मुलांना गुन्ह्यात घेतलंत असं ठरलं तर शाळेत तुम्हाला घेता येणार नाही." ज्या शाळेत युपिक बोलले म्हणून माझ्या तोंडात साबण घातला होता, तीच शाळा. तिथे मी युपिकचे वर्ग उभे केले. आता हा मला घेणार नाही!

२१ जून

ठरवलं. कोर्टात युपिकमध्येच बोलणार. दुभाषा द्या म्हणून कळवलं. मला इंग्रजी येतं हे तिथे दारवानालाही ठाऊक आहे. असू दे. कायद्याने हक्क आहे.

२४ जून

दुभाषी कोण, तर आमची मार्था! ऐकून बरं वाटलं. याहून चांगली मिळाली नसती.

मार्था माझी विद्यार्थिनी. माझी आई गेली त्याच हिवाळ्यात जन्मली म्हणून तिला आईचं नाव मिळालं — उलिगाक. आमच्यात नावाबरोबर नातंही येतं; तेव्हापासून ती माझी आई. ती पाळण्यात होती तेव्हाही मी तिला आई म्हणायचे, आणि बोलायला लागल्यावर ती मला "पोरी" म्हणून हाक मारायला लागली. वर्गात मी तिला झोडपून शिकवलं — शब्द ढिला पडला की पुन्हा. "जे म्हटलं तेच. गोड करायचं नाही, कडू करायचं नाही." शेवटी दुभाष्याची परीक्षा मीच घेतली तिची. तिच्या प्रमाणपत्रावर सही माझी आहे.

३ जुलै

लिहवत नाही. पण लिहिते.

न्यायाधीशांनी विचारलं, काही सांगायचंय? मी उभी राहिले. म्हटलं — "मासे आपणहून आमच्याकडे येतात. आम्ही त्यांना घेतलं नाही, विसरलो, तर ते येणं बंद करतात. माझ्या मुलांना मी मासे विसरू देणार नाही. जाळं परत द्या, उद्या पुन्हा टाकते."

मागच्या बाकांवर आमची म्हातारी माणसं होती. "हो, हो" असा आवाज आला.

मार्थाने इंग्रजीत सांगितलं — "त्या म्हणतात, नियम त्यांना नीट कळला नव्हता. त्यांना फार वाईट वाटतंय. त्या माफी मागतात. पुन्हा असं होणार नाही."

इतक्या शांतपणे! स्वल्पविरामासकट! मागचा आवाज एकदम बंद. मी तोंड उघडलं तर ती माझ्याकडे न बघता, युपिकमध्ये, दातांवर दात ठेवून — "बस खाली."

वासिलीने बाही ओढली. मी बसले. का बसले?

न्यायाधीश म्हणाले, वय बघता, पश्चात्ताप बघता — फक्त ताकीद. होडी राहिली, जाळं परत. मुलांचं, शाळेचं नाव आदेशात नाही, म्हणजे वर्ग राहिला.

बाहेर पायऱ्यांवर तिला गाठलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. होडी गेली असती. तुम्हाला शाळेत पाऊल टाकू दिलं नसतं. मग पोरांना शिकवलं कुणी असतं — मी?"

"मी माफी मागितली नव्हती!"

"ठाऊक आहे, बाई."

पोरी नाही म्हणाली. बाई म्हणाली. मीही तिला आई म्हटलं नाही.

४ जुलै

गावात सगळे खूश. कुणी अकुताक आणून दिलं — चरबीत फेटलेली बेरी, माझ्या आवडीची. "सुटलीस ग!" म्हणे. माफी मागून सुटले! वाफेने अंघोळ करायच्या झोपडीत बायकांनी सरकून मला जागा दिली. त्यांच्यातल्या दोघी कोर्टात होत्या. मी काय बोलले ते त्यांनी ऐकलंय, आणि आता त्या मला समजावतायत की झालं ते बरं झालं.

घरी आले. बोलायचा-ऐकायचा रेडिओ उचलला — घराघरात चालू असतो, सगळं गाव ऐकतं — आणि बोलले. "मार्थाने माझे शब्द फिरवले. मी माफी मागितलेली नाही. कुणीही तसं समजू नये."

मग वासिली — "झालं का? आता हवामान ऐकू दे."

८ जुलै

जाळं परत आलं. मध्ये फाडलंय. शिवायला बसले नाही.

१३ जुलै

रेडिओ फक्त आपल्याच गावाचा असतो असं मला का वाटलं? नदीच्या खालच्या अंगाच्या गावातही ऐकलं लोकांनी. तिथली एक मुलगी सरकारी वकिलाकडे कामाला आहे. तिने सांगितलं. वकिलाने अर्ज केलाय — दुभाषीने खोटं भाषांतर केलं, निकाल रद्द करा.

बरं झालं! आता माझं बोलणं तिथे पुन्हा, नीट, ऐकलं जाईल.

१६ जुलै

वासिली आला. टोपी काढली नाही, बसला नाही.

"मार्थाचं काम गेलं तर जाऊ दे, दुसरं मिळेल. पण शपथ घेऊन खोटं सांगितलं म्हणून तिच्यावर खटला होईल. तुरुंगही होईल. ठाऊक आहे ना डॉक्टरीणबाईंना?"

"खोटं सांगितलंच तिने."

"हो."

"मी शिकवलं होतं — जे म्हटलं तेच."

"तू शिकवलंस खरं," तो म्हणाला. "कुणासाठी ते शिकवलं नाहीस." आणि गेला. दार उघडं टाकून, मुद्दाम. डास आत.

मला दुष्ट ठरवतायत सगळे. हयातभर एका शब्दाचाही तोल जाऊ दिला नाही त्याचं हे बक्षीस! शब्द हलका झाला की भाषा जाते. त्यांच्या पोरांची भाषा गेली तेव्हा हेच रडत आले होते माझ्याकडे.

२२ जुलै

मार्था दुकानात दिसली. पोट दिसायला लागलंय — मला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने पीठ घेतलं, मी चहा घेतला. दोघी रांगेत उभ्या राहिलो. निघताना तिने माझी पिशवी उचलून चारचाकीवर ठेवली. मी आभार मानले नाहीत.

२७ जुलै

कोर्टाचं बोलावणं. माझी साक्ष. दुसरा दुभाषा मिळत नाही — जे आहेत त्या सगळ्यांची परीक्षा मीच घेतलेली ना! वकिलानेच सुचवलंय म्हणे, ज्या बाईंनी शब्दकोश केला त्यांनाच विचारा, त्या एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देत नाहीत. आधी त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण ऐकवणार, मग मला विचारणार. या वेळी दुभाषा नाही. इंग्रजीतच सांगावं लागेल.

सांगेन. खरं तेच सांगेन. ती माझी कुणीही असो.

३० जुलै

ध्वनिमुद्रण लावलं. माझा आवाज, मग तिचा. वकिलाने विचारलं — दुभाषीने तुम्ही बोललात तेच सांगितलं का?

मी म्हटलं, "हो. शब्दन् शब्द."

रेडिओवर का वेगळं बोललात? रागात होते, म्हटलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. वहीत काही लिहिलं. अर्ज फेटाळला.

मार्था कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याजवळून गेले आणि म्हटलं, "चल आई, वासिली होडीत थांबलाय."

ती माफी आता माझी.